मंत्रिमहोदय, पैशाची काळजी करू नका म्हणाला होतात!

माननीय मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

परवा आपल्या खात्याचं पत्र मिळालं. माझी संशोधन विद्यावृत्ती ‘पुढील आदेशापर्यंत स्थगित’. बेळगावात कर्नाटकच्या गेल्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी प्रदर्शनात आपण आमच्या टेबलापाशी थांबला होतात. बंद बाटलीत तळाला आयोडीनचे खडे, वर छोट्या वाटीत पांढरी पूड. बाटली तापवली की जांभळी वाफ भरते, मग पूड हळूहळू तपकिरी होते आणि वाफ विरळ होत जाते. “पैशाची काळजी करू नका,” म्हणालात. कॅमेरा चालू होता, म्हणूनच म्हणाला असाल.

ती पूड सच्छिद्र आहे, आयोडीन छिद्रांत धरून ठेवते. अणुभट्टीतून काढलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करताना किरणोत्सारी आयोडीन वायुरूपात सुटतं. त्यातल्या आयोडीन-१२९ ला निम्मं व्हायला दीड कोटीहून जास्त वर्षं लागतात. त्याच इंधनातलं किरणोत्सारी सीझियम-१३७ तीस वर्षांत निम्मं होतं, पण ते पाण्यात विरघळून पसरतं. झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या छिद्रांत सोडियम असतं, ते बाहेर पडतं आणि सीझियम त्याची जागा घेऊन बसतं. इंग्लंडातल्या सेलाफिल्डला १९८५ पासून अशाच एका खनिजातून सांडपाणी गाळतात. फुकुशिमाच्या अणुअपघातानंतरही २०११ साली झिओलाइटच कामाला आलं. झिओलाइटं दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही सापडतात. आपल्याकडे ती शोकेसमध्ये ठेवायला विकतात!

आम्ही प्रयोगाला साधंच, किरणोत्सारी नसलेलं सीझियम वापरतो. रसायन तेच, धोका नाही. तरी पत्रात ‘सीमाभागात अशा विषयाची निकड काय’ असा शेरा. साहेब, कैगा काय जपानात आहे? शेजारच्या उत्तर कन्नडात तिथे २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत, ७०० च्या आणखी दोन व्हायच्या आहेत.

छिद्रं मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. नमुने कोल्हापूरला पाठवते, फी खिशातून. खिसा कसला, आईच्या काजूच्या पैशातून. यंदा मोहोरावर पाऊस पडला, तेही गेलं. लग्नाचं वय निघून चाललंय हे गल्लीतला प्रत्येकजण ऐकवतो; विद्यावृत्ती थकली म्हटल्यावर तर त्यांना जोरच आला.

पत्र कन्नडमध्ये होतं, ते मला वाचता येतं. भाषेचं रडगाणं नाही. पण इथे विचारलं की “तुम्ही महाराष्ट्रवाले”, मुंबईत विचारलं की “तुम्ही कर्नाटकचे विद्यार्थी, योजनेत बसत नाही”. १९५६ पासून आमचे आजोबा, वडील हेच ऐकत आले. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तोवर मी कुणाची? बेळगावच्या सुवर्णसौधावर, कर्नाटकच्या तिथल्या विधानभवनावर, म्हणे ४०० कोटी गेले, थोडे इकडेतिकडे. अधिवेशन भरतं वर्षातून जेमतेम दोन आठवडे. त्यात सीमाप्रश्नावर ठराव होतात, टाळ्या पडतात, दोन्हीकडचे पुढारी आपापल्या मतदारसंघात शूर होतात. आमच्या प्रयोगशाळेत मात्र वीज गेली की भट्टी थंड पडते आणि नमुना वाया जातो.

थकलेले हप्ते द्या. देणार नसाल तर ‘स्थगित’ लिहू नका, ‘रद्द’ लिहा आणि खाली स्वतः सही करा. म्हणजे दुसरी नोकरी तरी शोधता येईल.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक संशोधक विद्यार्थिनी