त्या एका सेलबद्दल

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "बाबा, तुम्हाला आनंदच झाला नाही" म्हणालीस आणि ठेवून दिलास. आनंद झाला गं. आई शेजारीच उभी होती, तिला विचार. इन्व्हेस्टमेंट बँकेत ॲनालिस्टची नोकरी, तीही फायनान्सचं शेवटचं सेमिस्टर संपायच्या आत! रात्री दादाला कळवलं, मग काकांना. काकांना तेच पुन्हा सांगत होतो म्हणे. तुझ्याशी बोलताना मात्र तोंडून पहिलं निघालं ते "रात्री किती वाजेपर्यंत बसावं लागेल?" त्याचं कारण एकदा लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल.

सुट्टीत तू लॅपटॉपवर मला कंपनीची किंमत काढायचा तक्ता, तुमच्या भाषेत मॉडेल, दाखवलंस. पाच वर्षांचे कॅश फ्लो (कंपनीच्या हाती येणारी रोख), ती आजच्या किमतीत आणायला 10 टक्के डिस्काउंट रेट आणि पाचव्या वर्षानंतरच्या सगळ्या काळासाठी वाढीचा एकच दर. गंमत म्हणून त्या दराच्या चौकटीतले, म्हणजे सेलमधले, 2 पुसून तू 3 केलेस आणि टर्मिनल व्हॅल्यू, म्हणजे पाचव्या वर्षानंतरच्या सगळ्या काळाची धरलेली किंमत, एका फटक्यात 15 टक्क्यांनी फुगली. तू हसत होतीस. माझी सगळी नोकरी व्हाउचर तपासण्यात गेली. एक पावती कमी असली तर चांगली मोठी माणसं माझ्या टेबलासमोर ताटकळायची. इथे ना पावती, ना कुणाची सही. एक बटण दाबलं की कंपनी महाग. तो सेल काही डोक्यातून जात नाही.

समज, रात्रीचे दोन वाजलेत. सकाळी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन आहे, आदल्या रात्रीही धड झोप नाही. वरचा कुणीतरी मागे येऊन म्हणतो, "तीन टाक ना, एवढं काय." तेव्हा तू काय करशील? ताज्या डोक्याने नाही म्हणशील, याची मला खात्री आहे. मला भीती आहे ती दमलेल्या डोक्याची.

वर्ल्डकॉम ही अमेरिकेतली टेलिफोन कंपनी हिशोबातल्या घोटाळ्यामुळे 2002 मध्ये बुडाली, ते तुमच्या वर्गात शिकवलंच असेल. मोठ्या साहेबांची नावं सगळे घेतात. मला आठवते ती बेटी व्हिन्सन. हिशोब खात्यातली मधल्या फळीतली बाई. वरून सांगितलं म्हणून तिने खोट्या नोंदी केल्या. मग राजीनामा द्यायचंही ठरवलं होतं, तेव्हा फायनान्सच्या मुख्य साहेबांनी समजूत घातली की जबाबदारी माझी. घर तिच्या पगारावर चालायचं, ती थांबली. साहेबांना 5 वर्षांची शिक्षा झाली, पण हिचेही 5 महिने तुरुंगात गेलेच.

झालं, सुरू झालं माझं भाषण. माफ कर. या बाईचं नाव काढायचं नाही, असं ठरवून लिहायला बसलो होतो.

तुझ्या या विषयाने मलाही पुष्कळ शिकवलं. मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांचं 1958चं म्हणणं तू मला समजावलंस, की कर नाही, दिवाळखोरीचा खर्च नाही, अशा जगात कंपनीने कर्ज किती काढलं आणि शेअर किती विकले याने तिचं मूल्य बदलत नाही. कर्ज म्हटलं की घाम फुटणारं आपलं घराणं. मी वाद घालत राहिलो आणि तू न चिडता पुन्हा पहिल्यापासून सांगत राहिलीस. दादाला खाऊचे पैसे उसने देऊन वर व्याज मागणारी तू, आणि व्याज दिलं नाही म्हणून त्याची सायकल कुलूप लावून ठेवणारीही तूच. आई रागावली होती. तारण म्हणजे काय हे तुला कुणी शिकवलं, हेच मला तेव्हा कळेना.

ट्रेझरी (कंपनीची रोख सांभाळणं), क्रेडिट रेटिंग (कर्ज फेडायची ऐपत जोखणं), कंपनीतलं बजेट आणि नियोजन, ही कामंही याच शिक्षणातून मिळतात असं मी म्हणालो, ते तुझी नोकरी हलकी ठरवायला नव्हे. ट्रेझरीत सकाळी आधी बँकेतली शिल्लक बघतात, आणि ती कुणी 3 टाकून वाढत नाही, एवढंच मनात होतं. (पुन्हा तिथेच आलो.) दोन-तीन वर्षं ॲनालिस्ट म्हणून काढली की प्रायव्हेट इक्विटीत (कंपन्या विकत घेऊन पुढे विकणाऱ्या फंडात) किंवा एखाद्या कंपनीच्या फायनान्समध्ये जाता येतं, असं तू म्हणालीस. जा की. जिथे जाशील तिथे चमकशील, यात मला शंका नाही. ती पहिली वर्षं तेवढी जड वाटतात.

एक मात्र कर. प्रत्येक गृहीतकाशेजारी ते कुठून आलं आणि कुणी सांगितलं, हे तारखेसकट लिहीत जा. आकडा बदलायला सांगितलं तर "मेलवर कळवता का?" म्हण. गोड आवाजात म्हण. निम्मी माणसं तिथेच विषय सोडतात. माझ्या टेबलापुढचीही सोडायची.

आत्याला तुझ्या तोंडून ऐकायचंय, तिला फोन कर. आणि नेमणुकीच्या पत्रावर सही करण्याआधी मला एक प्रत पाठव. मी नुसतं वाचीन, मत देणार नाही. थोडं देईन.

तुझा,
बाबा