ओसाकाहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

पत्र मिळाले. माझी तब्येत उत्तम आहे आणि जेवणाचीही आबाळ होत नाही, तेव्हा त्याची काळजी नको.

आई, ‘लोकांकडे नुसते बघत बसण्याचा पगार कोण देतो?’ असे तू विचारलेस. हे रिकामटेकडेपणाचे काम नाही. वस्तूचा आराखडा करण्याआधी आम्ही ती वापरणाऱ्यांच्या घरी जातो आणि त्यांच्या परवानगीने, ते झाकण कसे उघडतात, हात कुठे अडखळतो, हे टिपून ठेवतो. कारण विचारले तर सगळेच ‘काही त्रास नाही’ म्हणतात. तुम्हीही फोनवर तेच म्हणता, आणि फोनवरून मला काही दिसत नाही.

इथल्या खुणांचे मात्र नवल वाटते. शाम्पूच्या बाटलीच्या कडेला बारीक उंचवट्यांची ओळ असते, कंडिशनरची बाटली गुळगुळीत. अंध ग्राहकांची अडचण समजून घेऊन काओ कंपनीने १९९१ मध्ये ही खूण आणली, आणि तिच्यावर हक्क न सांगता इतर कंपन्यांनाही वापरू दिली. प्रत्येकाने आपापली निराळी खूण काढली असती, तर बोटांना काय कळणार? शिवाय फेस डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिटले, की डोळसही चाचपडतातच. दुधाच्या कागदी खोक्याच्या माथ्यावर अशीच अर्धगोल खाच असते, तीही जिथून उघडायचे त्याच्या विरुद्ध बाजूला. रसाच्या खोक्याला ती नसते. शेजारच्या आजींना मी ती दाखवली, तर इतकी वर्षे दूध घेऊनही त्यांचे तिकडे लक्ष गेले नव्हते!

बाबा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या थेंबांच्या दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, असे ताई म्हणाली. जे थेंब जास्त वेळा घालायचे, त्या बाटलीला रबरबँड गुंडाळा. त्या आठवड्यात रजा मिळाली असती तर मी आलेच असते. ताईने सगळे निभावले, हे मला ठाऊक आहे.

या महिन्याचे पैसे थोडे जास्त पाठवले आहेत. त्यातून पावसाळ्याआधी गच्चीची गळती काढून घ्या, माझ्या नावाने बँकेत ठेवू नका. कोल्हापूरच्या स्थळाला तूर्त होकार-नकार काहीच कळवू नका. लग्नानंतर मी इथली नोकरी सोडेन असे त्यांनी गृहीत धरले असेल, तर ते आधी विचारून घ्या. दिवाळीला मी नक्की येते, तिकीट काढले आहे.

तुमची,
धाकटी