सरकारनं बातम्या जरूर वाचाव्यात, पण उत्तर आम्हालाही दिसू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

सरकार आणि पत्रकारांचं वाजलं की वाचकांची पत्रं दोनच तऱ्हेची येतात, एक म्हणतं आणीबाणी आली आणि दुसरं म्हणतं सगळे पत्रकार विकले गेलेत. मला या दोन्हीत पडायचं नाही. माझं म्हणणं साधं आहे, सरकार बातम्या वाचतं त्यात वाईट काही नाही, उलट वाचल्याच पाहिजेत. पण वाचून झाल्यावर जे उत्तर देतं ते आम्हा वाचकांना दिसतच नाही. ते मालकाच्या फोनवर जातं, जाहिरातीतून निघतं, नाहीतर तालुक्याच्या वार्ताहराच्या अंगावर येतं.

मार्च २०२५ मध्ये आपल्या राज्य सरकारनं जीआर काढला की मीडिया मॉनिटरिंग सेंटर सुरू करायचं, १० कोटी रुपये त्यासाठी, सकाळी ८ ते रात्री १० पर्यंत पेपर, टीव्ही, डिजिटल सगळं बघायचं आणि बातम्या सकारात्मक, नकारात्मक अशा वेगळ्या काढायच्या, चुकीची बातमी असेल तर लगेच खुलासा करायचा. तेव्हा बरीच आरडाओरड झाली. मला खरं सांगायचं तर त्यात नवीन काही दिसलं नाही, कारण कात्रणं काढायचं काम माहिती खातं कायमच करत आलंय, जिल्हा माहिती कार्यालयात कात्री आणि गोंद घेऊन बसलेले लोक आम्ही पाहिलेत. आता कात्रीच्या जागी कॉम्प्युटर आणि कंत्राटी कंपनी आली एवढंच. पण "खुलासा करायचा" हे जे त्यात लिहिलंय ना, तेच मला महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. खुलासा कुठं करणार? पेपरात, नावानिशी, की फोनवर?

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तहसील कचेरीच्या समोर. पुतणी इतिहासात एम.ए. करतेय, तिनं एकदा मुंबईच्या पुराभिलेखागारातून आणलेल्या कागदांचा गठ्ठा बायंडिंगला टाकला, आणि गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी चाळत बसलो. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात "रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स" नावाचा साप्ताहिक अहवाल निघायचा, गोपनीय. मराठी, गुजराती, कानडी पेपरात सरकारविरुद्ध काय काय आलं त्याचं इंग्रजीत सार काढून साहेबांच्या टेबलावर ठेवायचं. सोबत पेपरांची यादी, गाव कुठलं, संपादकाचं नाव काय, जात काय, वय काय, खप किती! संपादकाची जात आणि वय विचारून सरकार काय करणार होतं देवजाणे, पण लिहून ठेवलंय खरं. पुतणी म्हणाली काका, त्यातल्या कितीतरी पेपरांचा एकही अंक आज शिल्लक नाही, ते काय लिहीत होते हे आपल्याला कळतं ते या सरकारी हेरगिरीमुळंच. म्हणजे सरकारनं ज्याची दखल घेतली तेवढंच टिकलं, आणि सरकारला खुपणारं लिहिणाऱ्यांची दखल जास्त घेतली जायची. मला तर यात फार मजा वाटली.

पण तेव्हाच्या सरकारचं एक होतं, उत्तर उघड द्यायचं. फार दुष्ट उत्तर, पण उघड. १८७८ ला व्हाइसरॉय लिटनसाहेबानं देशी भाषांतल्या पेपरांना वेसण घालायला कायदा केला, इंग्रजी पेपरांना तो लागू नव्हता, चार वर्षांच्या आत पुढचा व्हाइसरॉय रिपनच्या काळात तो रद्दही झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची धरपकड, त्यात प्लेग अधिकारी रँडचा खून झाला, आणि केसरीतल्या मजकुरावरून टिळकांना दीड वर्ष सक्तमजुरी. १९०८ ला "देशाचे दुर्दैव" आणि "हे उपाय टिकाऊ नाहीत" या अग्रलेखांवरून सहा वर्षं मंडाले. त्याच साली "काळ"च्या शिवरामपंत परांजप्यांनाही शिक्षा झाली. हे खटले कोर्टात झाले, ज्युरी बसली, टिळक दिवसेंदिवस उभं राहून स्वतःची बाजू मांडत होते, ते सगळं छापलं गेलं आणि लोकांनी वाचलं. सरकारचं म्हणणं काय, संपादकाचं काय, दोन्ही माणसाला कळत होतं. इंग्रज चांगले होते असं मी म्हणत नाहीये हो, कोणीतरी लगेच तसं पत्र पाठवेल म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता आमच्याकडचं बघा. दोन-तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट, गाव आणि पेपर कुठला ते लिहीत नाही, कारण ज्याची गोष्ट आहे त्याला अजून इथंच राहायचंय. एका पेपरचा वार्ताहर टँकरच्या लॉगबुकाची पानं झेरॉक्सला घेऊन आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, टँकर गावात आला की खेपेची नोंद त्या वहीत होते आणि गावातल्या जबाबदार माणसाची सही घेतली जाते, त्याच्यावर ठेकेदाराचं बिल निघतं. त्या पानांवर एकाच दिवशी तीन खेपा, तिन्ही सह्या एकाच पेनच्या, एकाच वळणाच्या, आणि वस्तीवरच्या बायका सांगतायत की टँकर दिवसाआड एकदा येतो. पोरानं बायकांची नावं, लॉगबुकाचा फोटो, अधिकाऱ्याला केलेला फोन (उचलला नाही), सगळं घालून बातमी दिली आणि ती आली पण.

आता सरकारकडं उत्तर असू शकत होतं. खरंच असू शकत होतं. कदाचित तीन खेपा तीन वस्त्यांवर झाल्या असतील, टँकरला जीपीएस असतो, त्याचा रिपोर्ट काढून एका दिवसात दाखवता आला असता की बाबा तुझी बातमी चुकीची आहे. मग आम्हीच त्या पोराला म्हटलं असतं की नीट चौकशी करून लिहीत जा. पण खुलासा आलाच नाही. आला तो फोन, पेपरच्या जिल्हा कार्यालयात. बातमी मागं घ्या असंही कोणी म्हणालं नाही, एवढं कच्चं काम आता कोणी करत नाही. "जरा पॉझिटिव्ह पण येऊ द्या" एवढंच. मग चार दिवसांनी "टँकरमुळे ग्रामस्थांना दिलासा" अशी बातमी त्याच पेपरात, त्याच पोराच्या हातून. आणि १५ ऑगस्ट आला.

१५ ऑगस्टचं महत्त्व शहरातल्या वाचकांना कळणार नाही म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तालुक्याच्या वार्ताहराला पेपर जे मानधन देतो त्यात महिन्याचं पेट्रोलही होत नाही. तो जगतो जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि साहेबांचा वाढदिवस, हे त्याचे सुगीचे दिवस. ग्रामपंचायत, सोसायटी, ठेकेदार, शाळा, सगळीकडून शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करायच्या, फोटो घ्यायचे, नावं आणि पदं न चुकता लिहून घ्यायची (चुकलं तर बिल बुडालं). म्हणजे ज्यांच्यावर बातमी करायची त्यांच्याच दारात जाऊन जाहिरात मागायची. त्या वर्षी त्या पोराला एकानंही जाहिरात दिली नाही. कोणी काही वाईट बोललं नाही, चहा सगळ्यांनी पाजला. "या वेळी जरा बजेट नाही रे." दुसऱ्या पेपरच्या वार्ताहराला मात्र त्याच लोकांनी पान भरून दिलं, मला माहीत आहे कारण त्या जाहिरातींचा मजकूर टाइप करून माझ्याच दुकानातून गेला. आता तो पोरगा सत्कार समारंभ आणि हळदीकुंकवाच्या बातम्या देतो, फोटो छान काढतो.

याला सेन्सॉरशिप म्हणता येत नाही, कोर्टात जाता येत नाही, कुठल्या जीआरमध्ये लिहिलेलं नाही. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेच्या पत्रकार स्वातंत्र्याच्या यादीत २०२५ ला आपला देश १८० मध्ये १५१ वा आला, सरकार म्हणतं त्यांची पद्धतच चुकीची आहे, म्हणू देत, पण आमच्या तालुक्यातलं हे "बजेट नाही रे" कुठल्या यादीत मोजणार?

आणीबाणी वाईट होती पण कोण काय करतंय ते दिसत होतं. २५ जूनच्या रात्री दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या पेपरांची वीजच तोडली, सेन्सॉर नेमले, मुंबईत मिनू मसानींच्या फ्रीडम फर्स्ट मासिकाचा मजकूर सेन्सॉरनं अडवला तर ते हायकोर्टात गेले आणि १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणी चालू असताना, मुंबई हायकोर्टानं सांगितलं की सगळ्या पेपरांना एकाच सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या तेव्हा स्वागताध्यक्ष कोण होते तर यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. तो जमाना असा, की सुरुवातीला तरी काही पेपरांनी सेन्सॉरनं कापलेली जागा मोकळी सोडली, कापलेलं दिसायचं. आजच्या कापण्याला मोकळी जागा राहत नाही, तिथं जाहिरात असते.

आणि हे कुठल्या एका पक्षाचं आहे असं समजू नका. १९८२ ला बिहारात मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रांनी प्रेस बिल आणलं, १९८८ ला राजीव गांधींच्या सरकारनं मानहानीचं बिल लोकसभेत पास करून घेतलं, पत्रकार रस्त्यावर उतरले म्हणून दोन्ही बिलं मागं घ्यावी लागली. केंद्रातल्या आताच्या सरकारनं स्वतःबद्दलच्या बातम्या खऱ्या की खोट्या हे ठरवायला स्वतःचंच फॅक्ट चेक युनिट काढायचं म्हटलं, २०२४ च्या सप्टेंबरात मुंबई हायकोर्टानं ते रद्द केलं. महाविकास आघाडीच्या काळात एका मोठ्या टीव्ही संपादकाला सकाळी घरातून उचललं, त्याच्या चॅनलची भाषा मला अजिबात आवडत नाही, पण जुनी बंद झालेली केस उघडून उचललं हेही खरं आहे आणि सुप्रीम कोर्टानं आठवडाभरात जामीन दिला. विरोधात असताना प्रत्येकाला पत्रकारांचा पुळका येतो, मंत्रालयात गेले की सगळ्यांना पॉझिटिव्ह पाहिजे असतं. पंतप्रधानांनी मे २०१९ मध्ये पत्रकार परिषदेला हजेरी लावली, प्रश्नांची उत्तरं मात्र शेजारी बसलेल्या पक्षाध्यक्षांनी दिली, तेव्हा खाली जिल्ह्याच्या साहेबांनी फोन उचलला नाही तर नवल कसलं.

पत्रकार संरक्षण कायदा आपल्या राज्यात २०१७ मध्ये विधिमंडळानं मंजूर केला, हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, ५० हजारांपर्यंत दंड. छान आहे. तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे या पत्रकाराला गाडीखाली चिरडलं, रिफायनरीच्या जमिनींवरून ते लिहीत होते, ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याबद्दलची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. म्हणजे जिवावर बेतलं की कायदा, एसआयटी वगैरे येतं, पण त्याच्या आधीच्या पायरीवर, जिथं माणूस फक्त गप्प बसवला जातो, तिथं काहीच नाही. दरवर्षी ६ जानेवारीला दर्पणची आठवण काढून पत्रकारांना शाल, श्रीफळ दिलं जातं, देणारे कोण असतात ते फोटोत बघा.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे पेपरांबद्दल, रागावू नका. पहिल्या पानावर योजनेची फुल पेज जाहिरात, तिघांचे हसरे फोटो, बातमी शोधायला तिसऱ्या पानावर जायचं. काही मजकूर बातमीसारखाच दिसतो, टाइपही तोच, कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं जे माझ्या वयाच्या माणसाला चष्मा लावूनही दिसत नाही. २००९ च्या निवडणुकीनंतर पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, गाजावाजा झाला, प्रेस कौन्सिलच्या दोघा सदस्यांनी ७१ पानी रिपोर्ट केला, त्यात पेपरांची नावं होती तर कौन्सिलनंच तो आधी बाहेर येऊ दिला नाही. मग सरकारला नाव ठेवताना जरा आवाज कमी होतो आपला, होतो की नाही?

माझी सूचना दोन ओळींची आहे. एक, ते मॉनिटरिंग सेंटर चालू द्या, पण जी बातमी चुकीची वाटली तिचा खुलासा अधिकाऱ्याच्या नावानिशी त्याच पेपरला लेखी जावा आणि पेपरनं तो बातमी जिथं छापली तिथंच, तेवढ्याच अक्षरात छापावा, मग कोण खरं ते आम्ही बघू. दुसरं, आपण दर महिन्याला एक छोटा चौकोन छापा, या महिन्यात सरकारी जाहिरातींचे किती पैसे आले आणि मागच्या महिन्यात किती होते. आकडा अचानक पडला की आम्हाला समजेल कुठल्या बातमीचं उत्तर आलंय. आणि त्यासाठी अंकाची किंमत रुपया-दोन रुपयांनी वाढवावी लागली तरी माझी हरकत नाही, रद्दीचा भाव तसाही वाढलाय.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा नसेल तर टिळकांचं कापा, ते सगळ्यांना माहीत आहे, १५ ऑगस्टच्या जाहिरातींचं तेवढं राहू द्या.

आपला,
तहसील कचेरीसमोरचा एक झेरॉक्सवाला