शनिवारी मोनार्क फुलपाखराच्या अळ्या घरी न्यायच्यात!

मंडळी, शनिवारी सकाळी १० वाजता आपल्या बागेत मुलांना घेऊन या, प्रत्येक घराला दोनच अळ्या मिळतील, जास्त मागू नका प्लीज, अळ्यांची गर्दी झाली की रोग पटकन पसरतो.

- जाळीचा डबा आणा.
- खायला फक्त मिल्कवीड (रुईच्या कुळातलं, चीक असलेलं झाड), ताजं आणि फवारणी न केलेलं, दुसरं काही त्या खातच नाहीत. डबा रोज साफ करायचा.
- पानं हाताळली की मुलांचे हात लगेच धुवा, चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.
- अळी उलटी लटकून इंग्रजी J सारखी वळली की डबा अजिबात हलवू नका! कात टाकली की हिरवा कोष दिसेल, त्यावरचे सोनेरी ठिपके मुलांना जवळून दाखवाच.
- कोषातून साधारण १०-१४ दिवसांत फुलपाखरू निघतं, पंख वाळायला काही तास द्या, मग उन्हात सोडा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा.