आपण गाडीपर्यंत आलात म्हणून

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आपल्या दवाखान्यात मी शेवटचा आलो, त्याला आता आठ महिने होऊन गेले. इतक्या रुग्णांच्या गर्दीत मी आपल्या लक्षात असण्याचे काही कारण नाही, म्हणून ओळख देतो. एक्स-रेचा लिफाफा आणि गाडीत वापरायच्या तीन उशा काखोटीला मारून आलेला, आणि "इथे टेबलावर मला काहीच दुखत नाही हो, दुखतं ते फक्त गाडीत," असे जवळजवळ भांडणाच्या सुरात सांगणारा तो गृहस्थ मी. त्यावर आपण हातातला कागद बाजूला ठेवून "मग टेबलावर तपासून काय कळणार? गाडी कुठे लावलीय?" असे विचारलेत आणि माझ्या आधी जिना उतरू लागलात. त्या प्रश्नासाठी आणि त्यानंतरच्या चाळीस मिनिटांसाठी हे आभाराचे पत्र.

ते खासगी न ठेवता उघड लिहितो आहे, कारण माझ्या हातून एक गडबड झाली. गाडीतल्या कंबरदुखीवर आपण दाखवलेला टॉवेलचा उपाय मी एका सहकाऱ्याला घाईघाईत सांगितला. त्याने टॉवेलची जाडजूड गुंडाळी करून ती पाठीच्या वरच्या भागात, दोन्ही खांद्यांच्या मध्ये लावली आणि चार तास गाडी चालवून मान आखडून घेतली. चूक माझ्या अर्धवट सांगण्याची आणि नाव मात्र आपल्या उपायाचे खराब, असे पुन्हा होऊ नये म्हणून निदान एकदा तरी सगळे नीट लिहून काढावे असे ठरवले.

माझे दुखणे मोठे नव्हते, पण चिवट होते. कामानिमित्त मला आठवड्यातून दोनदा सलग पाच-सहा तास गाडी चालवावी लागते. पहिला तास सुखात जाई. दुसऱ्या तासात कमरेच्या डाव्या बाजूला, पट्ट्याच्या थोडे वर, एक बोथट ठणका सुरू होई आणि मग मी कधी एका बाजूवर भार देऊन, कधी स्टिअरिंगला धरून स्वतःला वर ओढून, बसण्याची तऱ्हा बदलत राही. खरी फजिती मुक्कामी पोहोचल्यावर होत असे. उतरल्यावर मिनिटभर सरळ उभे राहताच येत नसे आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून उघडे दार धरून, मोबाइलमध्ये काही महत्त्वाचे वाचत असल्याचे सोंग मी करीत असे. वर्षभरात जेलची, मण्यांची आणि स्पंजची अशा तीन उशा घेऊन झाल्या. दुकानात बसून पाहताना प्रत्येक उशी उत्तम वाटली होती. पण दुकानात आपण दहा मिनिटे बसतो, हे मला तेव्हा सुचले नाही.

गाडीपाशी आल्यावर आपण मला नेहमीसारखे बसायला सांगितलेत आणि उघड्या दाराशी उकिडव्या बसून काही वेळ नुसते पाहत राहिलात. पहिला प्रश्न विचारलात तो कमरेबद्दल नव्हताच. "पाकीट कुठे आहे?" पाकीट पँटच्या मागच्या उजव्या खिशात होते, गेली वीस वर्षे तिथेच असते. कार्डे, पावत्या आणि सुट्या नाण्यांनी फुगलेले ते पाकीट काढून आपण दोन बोटांत धरलेत आणि एवढ्या जाडीची पाचर एका बाजूला ठेवून मी सहा-सहा तास तिरपा बसतो, हे मला पहिल्यांदा दिसले. दुखणे डावीकडे आणि कारण उजव्या खिशात, असा हा प्रकार! मग आपण माझी कंबर आणि सीट यांच्यामध्ये आपली मूठ घातलीत. ती अडथळ्याशिवाय आत गेली.

माझी सीट वाईट नव्हती, मी तिच्यात बसतच नव्हतो, हे आपण त्या एका मुठीने दाखवलेत. सीट मागे सरकवलेली आणि पाठ आरामखुर्चीसारखी कललेली असल्यामुळे क्लच पूर्ण दाबायला मला दर वेळी पुढे घसरावे लागे. घसरले की कटीचे हाड मागे कलंडते, कमरेचा नैसर्गिक आतला बाक जातो आणि पाठीची कमान उलटी होते. वर ती फुगीर स्पंजची उशी मला आणखी पुढे ढकलत होती. तीच उशी मी सर्वांत मोठ्या विश्वासाने घेतली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

त्यानंतर आपण ज्या क्रमाने सीट लावून दिलीत, तो क्रम मी इथे मुद्दाम देतो, कारण क्रम चुकला की पुढचे सगळेच चुकते. आधी बूड सीटच्या अगदी मागच्या कोपऱ्यात नेऊन बसायचे. मग उंची: कंबर गुडघ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर यावी. मग अंतर: क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक उरावा, आणि गुडघ्याची मागची बाजू व सीटची कड यांच्यात दोन-तीन बोटे मावावीत, नाहीतर तिथे कड रुतून पाय बधिर होतात. मग पाठ: काटकोनाहून थोडी मागे, म्हणजे साधारण १०० ते ११० अंश. खांदे सीटला टेकलेले असताना हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडले पाहिजे, आणि छाती व स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवे, कारण एअरबॅगला उघडायला तेवढी जागा लागते. डोक्यामागचा आधार डोक्याच्या उंचीपर्यंत वर घ्यायचा; तो मानेच्या खळगीसाठी नसतो, ही माझी समजूत आपण तिथेच दुरुस्त केलीत.

टॉवेल त्यानंतर. आपण दवाखान्यातला एक साधा हात पुसायचा टॉवेल मागवलात, मनगटाएवढ्या जाडीचा गुंडाळलात, दोन्ही टोकांना रबर लावलेत आणि पट्ट्याच्या किंचित वर, बेंबीच्या बरोबर मागे येईल असा ठेवलात. "आधार जाणवला पाहिजे, ढकलणं नाही," हे आपले शब्द. मला तो फारच कमी वाटला, तसे मी बोललोही, आणि आपण उत्तर न देता आरशाकडे वळलात.

त्या आरशाची युक्ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. ताठ बसवून झाल्यावर आपण मधला आरसा असा लावायला सांगितलात की मागची काच काठोकाठ दिसावी, आणि नंतर त्याला अजिबात हात लावायचा नाही. तासाभराने काचेची एक कड दिसेनाशी झाली की समजायचे, आरसा हललेला नाही, आपण घसरलो आहोत. पहिल्याच लांबच्या प्रवासात मी चार वेळा आरसा दुरुस्त करायला हात वर नेला आणि चारही वेळा आपली आठवण होऊन स्वतःलाच दुरुस्त केले.

घरी आल्यावर मी या विषयावर बरेच वाचले. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून दाब मोजला होता आणि आधाराशिवाय बसल्यावर तो उभे असतानापेक्षा जास्त भरला होता. पुढच्या काळातील मोजण्यांत हा फरक तेवढा मोठा निघाला नाही, ही गोष्ट वेगळी. पण पाठ थोडी मागे कलवून कमरेला आधार दिला की दाब उतरतो, हे १९७० च्या दशकात स्वीडनमध्येच दिसून आले. म्हणजे आपला टॉवेल हा दिसायला साधा असला, तरी त्यामागे अर्ध्या शतकाचे काम आहे. हादऱ्यांबद्दलही असेच. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वांत जास्त साथ देते, आणि चालत्या गाडीच्या सीटमधून नेमकी त्याच्या आसपासची कंपनेही येत असतात. आपण जाता जाता "टायरमध्ये हवा किती भरता?" असे विचारले होतेत. इंधन वाचावे म्हणून मी ती ठरलेल्या दाबापेक्षा बरीच जास्त ठेवत होतो आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा कमरेपर्यंत पोहोचवत होतो. दारावरच्या पट्टीवर लिहिलेला दाब मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

एका गोष्टीचा उल्लेख राहू नये. हे सगळे करण्याआधी, टेबलावरच, आपण पायात मुंग्या येतात का, पाय लुळा पडतो का, जांघेत बधिरपणा आहे का, लघवीवरचा ताबा गेल्यासारखे वाटते का, हे एकेक करून विचारले होतेत. यातले काही असेल तर उशी-टॉवेलच्या नादी न लागता तातडीने रुग्णालय गाठायचे, असेही बजावले होतेत. माझ्याकडून ऐकून कोणी टॉवेल गुंडाळायला घेतला, तर हे प्रश्न त्याने आधी स्वतःला विचारावेत.

आता माझा कबुलीजबाब. दर दीड-दोन तासांनी थांबून पाच मिनिटे चालण्याचा नियम मी पाळतो. पोहोचल्याबरोबर डिकीतले सामान ओढून काढत नाही. बराच वेळ वाकून बसलेल्या पाठीचे बंध सैल पडलेले असतात, हे आपण सांगितल्यापासून आधी गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो. व्यायाम मात्र आठवड्यातून तीनदाच होतात, रोज नाही. ठणका पूर्ण गेला आहे असेही म्हणवत नाही. पाचव्या तासाला तो अधूनमधून येऊन जातो. पण उतरल्यावर दार धरून उभे राहण्याची वेळ गेल्या सहा महिन्यांत आलेली नाही.

पाकीट आता गाडीच्या दारातल्या कप्प्यात असते. तिन्ही उशा घरातल्या सोफ्यावर गेल्या आहेत. आपला टॉवेल परत करायचा राहून गेला, तो अजून माझ्या सीटवरच आहे आणि इतका दबला आहे की परत देण्याच्या लायकीचा उरलेला नाही. म्हणून या पत्रासोबत त्याच मापाचे दोन नवे टॉवेल पाठवतो आहे, रबरांसह.

आपला कृतज्ञ,
तीन उशांचा रुग्ण