मूळ प्रत आणायची कुठून?

महोदय,
मणिपूरमधील विस्थापितांवरील आपला अग्रलेख वाचला. पुनर्वसन म्हणजे नुसती घरबांधणी नव्हे, हे पटले. पण हा प्रश्न गोव्याच्याही दारात आहे. ३ मे २०२३ पासूनच्या हिंसाचारात सुमारे ६० हजार लोक बेघर झाले. त्यांतल्या काहींची मुले इथल्या हॉटेलांत, पार्लरांत राबतात. म्हापशात आमच्या इमारतीखालच्या पार्लरमधली एक मुलगी दुपारी जिन्यात बसून छावणीतल्या आईशी फोनवर बोलते. घराबरोबर तिची दहावीची गुणपत्रिकाही जळाली. बँकेत गेली, तर ‘मूळ प्रत आणा’. आणणार कुठून? (घरमालकाचा प्रश्नही तोच, वर भाडे वाढवून.)

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. गीता मित्तल समितीने ऑगस्ट २०२३ मध्येच हरवलेल्या कागदपत्रांचा मुद्दा मांडला होता. भरपाईचा धनादेश वटवायलाही ओळखपत्र लागतेच. गोवा सरकारने अशांसाठी प्रत्येक तालुक्यात एक मदतकक्ष उघडावा. तिथून मणिपूरच्या शिक्षण मंडळाशी, जिल्हा प्रशासनाशी पत्रव्यवहार व्हावा. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही तिथे ठळक लावावा. त्या मुलीला रात्री झोप लागत नाही, हे तिने फार उशिरा सांगितले.

– एक वाचक, म्हापसा