वाद्यांना विमानात हक्काची जागा द्या : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार

महोदय,

ठाण्यात नौपाड्यातल्या एका मराठी शाळेत मी संगीत शिकवते. आमच्या शाळेचं वृंदवादन पथक येत्या सुट्टीत अमेरिकेच्या दौऱ्यावर निघालं आहे. व्हिसा झाले, पालकांनी ओढाताण करून पैसे उभे केले, रंगीत तालीमही झाली. घोर एकाच गोष्टीचा आहे. वाद्यं विमानात कुठे ठेवू देतील?

व्हायोलिनची पेटी साधारण ८० सेंटिमीटर लांब असते. हातातल्या सामानाची मर्यादा बहुतेक कंपन्यांकडे ५५ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे नियमावर बोट ठेवलं तर एकही व्हायोलिन आत जात नाही. प्रत्यक्षात ती डोक्यावरच्या कप्प्यात अलगद बसते. मग सगळं काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर. देशातल्याच एका प्रवासात आम्हाला याचा फटका बसला. जाताना सतार मुलीबरोबर आत गेली. येताना त्याच कंपनीने ती काढून घेतली, आणि पट्ट्यावर आली तेव्हा भोपळ्याला आरपार तडा गेलेला होता. नववीतली मुलगी होती. तारा उतरवलेल्या, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीखाली कापड, भोपळ्याभोवती आजीची गोधडी, सगळं तिने स्वतः केलं होतं. ‘हाताळताना सांभाळा’ असं लिहिलेला कागद पेटीवर तसाच चिकटलेला होता.

ती सतार मिरजेची. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला केवढा आनंद झाला! भोपळा वाळवून, कोरून, सूर घुमावा म्हणून घोडी घासून जवारी लावून ते वाद्य उभं करणाऱ्या कारागिराचा सरकारने मान राखला. मग तेच वाद्य विमानतळावर कपड्यांच्या बॅगेसारखं का फेकलं जावं? नुकसानभरपाई मिळते, मान्य आहे. पण दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असेल तर त्या पैशाने हाताला बसलेली सतार कुठून आणायची?

अमेरिकेने हा प्रश्न कायद्याने सोडवला आहे. तिथल्या २०१२ च्या कायद्यावर आधारलेला नियम २०१५ पासून लागू आहे. व्हायोलिन, गिटार यांसारखं छोटं वाद्य कप्प्यात किंवा आसनाखाली सुरक्षित बसत असेल आणि विमानात चढताना जागा असेल, तर तिथल्या कंपन्यांना ते नेऊ द्यावंच लागतं, त्यासाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. मोठ्या वाद्यासाठी प्रवासी जादा आसनाचं तिकीट काढू शकतो. म्हणजे न्यूयॉर्कहून शिकागोला जाताना माझी विद्यार्थिनी तिथल्या विमानात हक्काने व्हायोलिन घेऊन चढेल. आपल्याच मुंबईत तिला विनवण्या कराव्या लागतील. हे मला फार लागतं.

आम्हाला सवलत नको, सुरक्षेत सूट तर मुळीच नको. तबल्याची हातोडी केबिनमध्ये चालत नाही, ती आम्ही खाली जाणाऱ्या बॅगेतच टाकतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) विलंब, रद्द उड्डाणं, तिकिटाचा परतावा यांबाबत कंपन्यांना बंधनकारक नियम घालून देतं. तसाच एक नियम वाद्यांसाठी काढावा. छोटं वाद्य, जागा असेल तर, आत. सतार, तानपुरा यांसारखं मोठं वाद्य खाली द्यावंच लागलं, तर ते विमानाच्या दारापर्यंत वादकाच्या हातात राहावं आणि उतरल्यावर दारातच परत मिळावं. आणि हे तिकीट काढतानाच लेखी कळावं, म्हणजे पहाटे तीन वाजता पंचवीस मुलांच्या रांगेत हुज्जत घालावी लागणार नाही.

नियम ठरवताना वादकांना आणि मिरजेच्या सतारमेकरांना बोलावून घ्या. कुठलं वाद्य कुठे दबलं की मोडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आमचा दौरा कदाचित या नियमाआधीच होऊन जाईल. तरी पुढच्या वर्षी निघणाऱ्या मुलांसाठी आपण हे कराल, या विश्वासाने लिहिते आहे.

आपली,
एक संगीतशिक्षिका,
नौपाडा, ठाणे